अंमल कधीपासून

महाल भागातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं कायद्याच्या पुस्तकांचं प्रकाशन आहे. खाली लग्नपत्रिका छापणारा, वर आम्ही. एलएलबी झाल्यावर कोर्टात उभं राहायची हिंमत झाली नाही म्हणून मी तिथे संपादकीय कामाला लागले. पहिल्या दिवशी ज्यांच्या समोरच्या टेबलावर मला बसवलं, ते सर पुढची दहा वर्षं माझ्यासमोर बसले.

सरांचं काम एकच. कायदा बदलला की तो बदल आमच्या पुस्तकात आला पाहिजे. मी येण्याआधी ते राजपत्रातले कागद कापून जुन्या पुस्तकांत चिकटवायचे. ती पुस्तकं फुगून कपाटात मावेनाशी झाली होती. मी एक्सेलमध्ये शीट केली. कायदा, कलम, जुना मजकूर, नवा मजकूर, राजपत्राची तारीख, अंमल कधीपासून आणि शेवटी ‘तपासले’. माऊसला सरांनी कधी हात लावला नाही. ते राजपत्रावर बोट ठेवून मोठ्यानं वाचत, मी टाइप करत असे. मग ते म्हणत, “वाच आता.” मी परत वाचून दाखवायची. सगळं जुळलं की शेवटच्या रकान्यात त्यांची आद्याक्षरं टाकायची.

सरांचा सगळा जीव ‘अंमल कधीपासून’ या रकान्यात. विधानसभेत कायदा मंजूर झाला म्हणजे तो लगेच लागू होतोच असं नाही. शासन अधिसूचना काढून तारीख ठरवतं, आणि ती अधिसूचना दोन महिन्यांनी येते नाहीतर दोन वर्षांनी. तोवर आमच्या शीटमध्ये ती ओळ पिवळी राहायची. सोमवारी आल्या आल्या, घाम पुसत कूलरसमोर उभं राहून सर विचारायचे, “किती पिवळ्या राहिल्या वं?” घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तसा आवाज असायचा.

दुपारी डबा उघडला की त्यातली अर्धी भाजी माझ्याकडे सरकवायचे. “घे. तुझ्या काकूनं तुझ्यासाठी तिखट कमी टाकलं. मले म्हणते, पोरगी रडते तुमच्या भाजीनं.”

दहाव्या वर्षी मार्चमध्ये नव्या आवृत्तीची घाई होती. मालकांना तारखांची क्रमानं यादी हवी होती. मी तारखांचा एकच रकाना निवडला आणि सॉर्ट दाबलं. स्क्रीनवर चौकट आली, काहीतरी विचारलं, मी न वाचता पुढे गेले. तारखा आपापल्या ओळी सोडून भलत्याच ओळींत जाऊन बसल्या. हे लक्षात येईपर्यंत मी दोनदा सेव्ह केलं होतं. काही परत आलं, उरलेलं मी आठवेल तसं हातानं लावलं. सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी सगळी राजपत्रं काढायला लावली असती आणि प्रत्येक ओळ पहिल्यापासून तपासली असती. चार दिवस गेले असते. मला ते चार दिवस नको होते.

शेवटची प्रुफं आली तेव्हा सर एका पानावर थांबले. जागा खाली करण्याच्या आदेशावर अपील करायची मुदत साठ दिवसांवरून तीस करणारी दुरुस्ती होती ती.

“हिचा अंमल?”

मी शीट पाहिली. रकाना रिकामा होता. “अजून नाही सर.”

“नाही? मले तं वाटलं आली होती अधिसूचना. तुले सांगितली होती मी.”

“शीटमध्ये नाही सर.”

त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. “मग नसन आली,” म्हणाले आणि पानावर सही केली. पुस्तक ‘साठ दिवस’ असंच छापून बाहेर पडलं. खाली तळटीप होती, दुरुस्ती अद्याप अंमलात नाही.

दिवाळीनंतर एक तरुण वकील आमच्या ऑफिसात आला. सोबत पन्नाशीची एक बाई होती. वकिलानं मालकांच्या टेबलावर पुस्तक उघडून ठेवलं. “साठ दिवस लिहिलंय तुम्ही. आम्ही चव्वेचाळिसाव्या दिवशी अपील केलं. मुदत तीसच होती. उशीर माफीचा अर्जही फेटाळला गेला.” मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “मीही राजपत्र पाहायला हवं होतं. पण तुमच्या पुस्तकावर सगळेच विसंबतात.”

बाई शिलाईचं काम करायची, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून. ती ओरडली नाही. तळटीपेवर बोट ठेवून मला म्हणाली, “एवढ्याशा अक्षरात लिवता का बाई तुम्ही? बावीस वर्षं मशीन घेऊन बसली मी तिथं. माहं दुकान गेलं.”

ती दोघं गेल्यावर मालकांनी आम्हाला आत बोलावलं. “ही नोंद कोणाची?”

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “तपासलेमध्ये माझी अक्षरं आहेत. माझी चूक.”

मालक बराच वेळ बोलले. महिनाअखेरीस सरांनी यायचं थांबवावं असं ठरलं. मी तिथेच उभी होते. बोलायला भरपूर वेळ होता. आता कधीही बोलता येईल असं वाटत राहिलं आणि मी दाराबाहेर आले.

जिन्यात मी विचारलं, “सर, तुम्ही काहून घेतलं अंगावर?”

“अंगावर काय त्यात? राजपत्र न उघडता सही केली मी. तू ‘नाही’ म्हटलं, म्हणून मी ‘नाही’च समजलो.” एक पायरी उतरून ते थांबले. “दुरुस्तीची चिठ्ठी छाप. ज्यानं ज्यानं पुस्तक नेलं त्याले पाठव. एकही सोडू नको.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉम्प्युटरवर आपोआप जपलेली शीटची जुनी प्रत उघडली. त्या ओळीत तारीख होती. सरांनी सांगितलेली, मी टाइप केलेली, बरोबर तारीख. मी ती खिडकी बंद केली.

चिठ्ठ्या मी पाठवल्या, अगदी एकेक पत्ता काढून. तेवढं केलं की माझ्या वाट्याचं झालं, असं मनाला सांगत राहिले. सरांच्या जागी कोणी घेतलं नाही. नोंद मीच करायची, तपासायचंही मीच. सरांना फोन करायचा ठरवून कितीदा तरी फोन हातात घेतला, आणि दरवेळी कोणतं तरी काम निघालं.

वर्षभरानं काकूंचाच फोन आला. “येऊन जा वं एकदा. यांनी सगळी पुस्तकं रद्दीवाल्याले द्यायला काढली. तुले काही लागत असन तं घेऊन जा.” मग आवाज दबून आला. “म्हणतात, माझ्या ध्यानात काही राहत नाही. डॉक्टरनं तपासलं, काही नाही म्हणते. पण हे पेपरही उघडत नाहीत.”

रविवारी सकाळी गेले. वऱ्हांड्यात पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून ठेवले होते. सर खुर्चीवर बसले होते, अंगानं निम्मे झालेले. मला पाहून हसले. “बस वं. चष्मा लागला तुले?”

बसले, आणि सगळं सांगून टाकलं. सॉर्ट, ती चौकट, हातानं लावलेल्या तारखा, जुनी प्रत. काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

सरांनी मध्ये एकदाच विचारलं, “म्हणजे तारीख मी सांगितली होती?”

“हो सर. बरोबर सांगितली होती.”

“अन् तुले हे कधी समजलं?”

“तुम्ही कबूल केलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

ते गठ्ठ्यांकडे पाहत राहिले. “वर्षभर मी समजून राहिलो का माझं डोकं गेलं. हिले म्हणायचो, मी सांगितल्यासारखं आठवते पण सांगितलं नाही, मंग मले जे आठवते त्यातलं खरं काय?” त्यांचा आवाज चढला नाही. रागावले असते तर मला रडता तरी आलं असतं.

मग त्यांनी विचारलं, “ती शिलाईवाली बाई कुठं असते आता?”

“माहीत नाही सर.”

“तीन गल्ल्यांवर होती. तुम्ही वर्षभरात जाऊन पाहिलं नाही?”

दहा वर्षांत त्यांनी मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. काकूंनी चहा दिला. मी प्याले, कप आत नेऊन ठेवला आणि निघाले. सर फाटकापर्यंत आले नाहीत.

सोमवारी मी त्या गल्लीत गेले. तिच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. समोरच्या किराणावाल्यानं सांगितलं, “सावनेरले गेली भावाकडे. मशीन नेली सोबत. नंबर नाही देऊन गेली.” सावनेरात भाऊ कुठे राहतो, हे त्याला माहीत नव्हतं. दोन रविवार मी सावनेरला जाऊन शिलाईच्या दुकानांत चौकशी केली. ती सापडली नाही.

मालकांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “आता हे काढून काय उपयोग?” म्हणाले आणि प्रुफं पुढे केली. सरांना परत बोलवा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, तुम्हीच विचारा.

मी फोन केला. काकूंनी उचलला. आतून सरांचा आवाज आला, कोण आहे म्हणून. काकूंनी माझं नाव सांगितलं. मग काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, “झोपले आहेत ते.” सकाळचे अकरा वाजले होते. मी म्हटलं, “बरं काकू,” आणि फोन ठेवला.