ओझर ते बेळगाव, आणि आईचा केर

माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही, हा आमच्या आईचा कायदा. माझी नोकरी बेळगावला आणि आई सायखेड्याला एकटी. सकाळी निघाले तरी बसमधून उतरेपर्यंत अंधार पडायचा, आणि दिवेलागणीनंतर झाडूला हात लावायचा नाही हा तिचा दुसरा कायदा. म्हणजे माझ्या निघण्याचा सगळा पसारा, बशीतून सांडलेले पोहे, सुतळीचे तुकडे, दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच. मला याचा भयंकर राग यायचा. ही बाई दिवसभर कचऱ्यात बसून माझी काळजी करते, असंच मला वाटे.

म्हणून सायखेड्याजवळच्या ओझरहून बेळगावला विमान आहे हे कळल्यावर मी हरखूनच गेले. रस्त्याने साडेपाचशे किलोमीटर, बसने बारा तास. हवेतून पाचशेसुद्धा नाहीत आणि वेळ जेमतेम एक तास. आठवडाभर मी आईला हेच ऐकवलं. निघताना तर बजावलंच, की आज दुपारच्या भाकरी थापायच्या आत तू झाडू हातात घेशील. ती नुसती हसली आणि माझ्या बॅगेत चटणीचा डबा कोंबत राहिली.

विमान उठलं तशी मी खिडकीला नाक लावलं. खाली द्राक्षबागा, शेततळी, गोदावरीचं वळण. आमचं घर काही सापडलं नाही, पण तेच असणार म्हणून मी एका पत्र्याच्या छपराला हात केला. शेजारचे काका हसले. हसेनात का. दर पाच मिनिटांनी मी घड्याळ बघत होते, आणि बघता बघता खाली लाल माती दिसायला लागली.

शिडी उतरता उतरताच फोन लावला. "आई, पोचले. काढ केर."

पलीकडून ती म्हणाली, "एवढ्यात? अगं, तुझी कपबशी अजून मोरीत बी टाकली नाय."

मी म्हटलं, मग टाक की, आता कसली काळजी.

"काळजी नाय गं. बस असली म्हंजे दिवसभर वाटायचं, आत्ताच निघाली, हितंच कुठं तरी असंल. केर काढला की घर लय मोकळं होतं."

मागची माणसं पुढे सरकायला सांगत होती. इतकी वर्षं तिच्यावर चिडल्याची मला लाज वाटली. राहू दे मग आज, एवढंच मी कसंबसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना तिचा फोन आला.

"आत्ता काढते केर," ती म्हणाली. "पोचलीस ना नीट?"

"हो," मी म्हणाले. "आत्ताच पोचले."