आत्या ओझरला, बाळ पाळण्यात

विमान कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडले, त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. त्यानंतर जे झालं ते मात्र सगळं मी एकट्याने केलं, तेही स्वतःच्या पेनाने.

आम्ही निघालो होतो हैदराबादला, माझ्या मेहुण्याच्या, संदीपच्या मुलीच्या बारशाला. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्यांच्या घरी पाळणा हलला होता. माझी बायको मंगल ही संदीपची एकुलती एक बहीण, म्हणजे बाळाची एकुलती एक आत्या. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं असतं, आणि संदीप-नेहाने तर नाव निवडायचं कामही तिच्यावरच सोपवलं होतं. मंगलने नाव निवडलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

"मला तरी सांग," मी आठवडाभर मागे लागलो होतो.

"बाळाच्या आधी कुणालाच नाही."

"निदान कुठेतरी लिहून ठेव."

"लिहिलं की तुम्ही वाचणार."

(यात तथ्य होतं.) थोडक्यात, नाव फक्त तिच्या डोक्यात होतं, दुसरी प्रत कुठेही नव्हती. बारसं संध्याकाळी पाचला, विमान सकाळी अकराचं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे आठलाच ओझरच्या विमानतळावर हजर. आमच्या पुढे जेमतेम चार माणसं होती. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

काउंटरवरचे सगळे पडदे काळे ठिक्कर. मागे एक एकटी मुलगी, समोर कोऱ्या बोर्डिंग पासचा गठ्ठा, प्रवाशांच्या नावांची छापील यादी आणि एक पेन.

"सिस्टीम डाऊन आहे, काका," ती म्हणाली. "देशभर. आता सगळं हातानेच लिहायचंय. मी आजवर असं कधी केलेलंच नाही."

बाकीच्यांचे चेहरे पडले, माझा उजळला! मी सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं काढली आहेत. आमच्याकडेही सिस्टीम बसते, आणि ती बसली की मी कपाटातून रजिस्टर काढतो. कागद कधी हँग होत नाही, हे वाक्य मी तिथे इतक्यांदा ऐकवलंय की नवीन पोरं मला लांबून बघूनच वाट बदलतात. आज प्रथमच एक अख्खी विमान कंपनी माझ्या मुद्द्यावर आली होती.

एव्हाना काउंटरभोवती घोळका झाला होता. रांग नावाची गोष्टच नव्हती. जो तो हात लांब करून आधार कार्ड त्या मुलीच्या नाकासमोर नाचवत होता. ती एक पास लिहायला घ्यायची आणि चौघं मिळून तिला थांबवायची.

मला राहवलं नाही. खिशातली डायरी काढली, पानं फाडली आणि नंबर घातले.

"सगळे मागे व्हा. नंबर घ्या आणि बसून घ्या. आधी म्हातारी माणसं, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे."

आणि आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं! धोतर-टोपीतले एक आजोबा माझ्याजवळ आले. "ओ साहेब, आमचा नंबर कुठं हे? आमाला काय यातलं कळत नाय."

"तुम्ही एक नंबर, बाबा. या पुढे."

"लय उपकार झाले," म्हणाले. झालं, मी हवेतच गेलो, विमानाशिवाय.

मंगल बाकावरून उठून आली. हातात बाळासाठी स्वतः शिवलेल्या झबल्या-टोपड्याची पिशवी. "आपला नंबर कितवा?"

"आपण काय, घरचेच."

आता हे वाक्य मी का बोललो, ते सांगतो. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत लग्न असो, मुंज असो, पंगतीचा कारभार माझ्याकडे असतो. आधी पाहुणे, घरचे शेवटच्या पंगतीला, हा नियम माझ्या अंगात इतका मुरलाय की आपण ओझरला स्वतःच पाहुणे आहोत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मंगल नुसतं घड्याळाकडे बघून परत बाकावर जाऊन बसली.

मुलीच्या पेनातली शाई संपली. मी माझं पेन दिलं. ती यादीत नाव शोधताना गोंधळायला लागली, तेव्हा मी पलीकडून नंबर पुकारायला लागलो. पाठ टेकून उभं राहायला खांब मिळाला, कुणीतरी चहा आणून दिला. उशिरा आलेले लोक सरळ माझ्याकडेच यायला लागले. साडेनऊला आलेल्यांना मी नंबर दिले, दहाला आलेल्यांनाही दिले. एक बाई तर बॅगेचं वजन, उशीर आणि मागच्या खेपेचं थंडगार सँडविच यावरून मला दहा मिनिटं झापून गेल्या.

"तुमच्या विमानात पुन्हा पाय ठेवणार नाही," त्या म्हणाल्या.

"सॉरी मॅडम, पुढच्या वेळी काळजी घेऊ," मी म्हणालो. मनापासून म्हणालो हो!

शेवटचा नंबर गेला. मुलीने पेनाला टोपण लावलं, फोनवर कुणाला तरी यादी वाचून दाखवली आणि मला हात जोडले. "काका, तुम्ही होतात म्हणून निभावलं. काउंटर बंद केलंय मी."

"छान. आता आम्हा दोघांचे पास लिही."

तिने मान वर केली. "म्हणजे? तुम्ही प्रवासी आहात?"

"मग कोण आहे?"

"मला वाटलं तुम्हाला विमानतळाने पाठवलंय." तिने यादी उलगडली. सगळ्या नावांपुढे बरोबरच्या खुणा, फक्त दोन नावं मोकळी. आमची. "तुम्ही आलाच नाहीत असं मी आत्ताच वर कळवलं, काका."

मी वळलो. मंगल मागे येऊन उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "नऊ वर्षं वाट बघितली हो त्यांनी."

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "तू नाव फोनवर सांगून टाक ना."

तिने माझ्याकडे जे बघितलं, त्याचं वर्णन मी करणार नाही. मला खरोखर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी तिचं एवढंसं मागणं, त्या बाळाच्या कानाशी वाकायचं, डायरीची पानं वाटण्यात घालवलं होतं.

काउंटरवरच्या मुलीने पुन्हा फोन लावला. बराच वेळ "हो सर, नाही सर" चाललं. मग तिने हात फोनवर ठेवला आणि चक्क हसली.

"विमान अजून हैदराबादहून निघालेलंच नाही. तिथेही हातानेच लिहितायत, आणि तिथली रांग अजून अर्धीसुद्धा सरलेली नाही. लिहिते तुमचे पास."

तिथे रांग लावायला माझ्यासारखा कुणी नव्हता, याबद्दल मी देवाचे मनोमन आभार मानले. पास हातात पडताच मी दोन्हींवरची नावं दोनदा वाचली. पुढचे तीन तास मंगल माझ्याशी एक शब्द बोलली नाही, पण मला इतकं सुटल्यासारखं झालं होतं की मला ते संगीतासारखं वाटत होतं.

पोचायला सहा वाजले. पाळणा सजवलेला, बायका थांबलेल्या, बाळ गाढ झोपलेलं. मंगलने चपला कशाबशा काढल्या, पाळण्याशी वाकली, "कुर्रर्र" केलं आणि कानात नाव सांगितलं. सई! (दोन अक्षरं. चिठ्ठीवर मावली असती, पण हे मी अजून बोललेलो नाही.) नेहा रडली, संदीप रडला, आणि मीही डोळे पुसून घेतले.

आत्याने नाव सांगितलं की जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे, ही तर आपल्याकडची रीतच. बायकांनी हात उगारले. मंगल ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "जरा थांबा." मग तिने ओझरची हकीकत पहिल्या नंबरापासून सगळ्यांना सांगितली, बाजूला झाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

बारशात आत्याचे बुक्के आत्याच्या नवऱ्याने खाल्ले, असं त्या घराण्यात प्रथमच घडलं असावं. आणि खरं सांगायचं तर, बसले ते कमीच बसले.