रांगेतून उठून गेलेले रामटेकेसाहेब

सोमवार, दिनांक १० नोव्हेंबर १९९७, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात नंबर पुकारला गेला आणि तो ज्यांचा होता ते श्री. मनोहरराव रामटेके बाकावर नव्हते. बाकावर त्यांची कापडी पिशवी होती आणि पिशवीशेजारी मी होते.

गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पहिल्या भेटीपासून सुरुवात करावी, भाषा आदराची ठेवावी आणि शेवटी दीर्घायुष्य चिंतावे, असे संपादकांनी मला बजावले होते. तिन्ही गोष्टी मी करणार आहे. पण माझे शिक्षण नागपूरला कॉन्व्हेंटात झाले. आमच्या सिस्टर सांगत, तक्रार करायची असेल तर आधी तारीख आणि वेळ सांगा, रडणे नंतर. रामटेकेसाहेबांच्या साठाव्या वर्षी माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे, म्हणून हा क्रम.

ज्यांनी भिलाईत सेक्टर ६ पासून खुर्सीपारच्या वस्तीपर्यंत धडधाकट माणसांनाही धरून धरून तपासणीच्या रांगेत उभे केले, त्या साहेबांच्या उजव्या तळपायाला जखम आहे. गणपतीपासून ती भरत नाही. त्यांना मधुमेह आहे. ही गोष्ट त्यांना दोन वर्षांपासून माहीत आहे, त्यांच्या पत्नी कुसुमताईंना वर्षभरापासून आणि मला गेल्या महिन्यापासून. आता आपणा सर्वांना. कुसुमताईंना विचारूनच लिहिते आहे. अशी जखम अंगावर काढली तर पाय गमवावा लागतो, असे डॉक्टरांनी साहेबांना स्पष्ट सांगितले होते. त्या सोमवारी कुसुमताईंनी त्यांना माझ्या ताब्यात दिले होते आणि पर्समध्ये चष्मा शोधायला मी मान खाली घातली, तेवढ्यात ते गेले.

आता पहिली भेट.

१९७४चा उन्हाळा संपत आला होता. मी शाळेत इंग्रजी शिकवायला नुकतीच भिलाईला आले होते आणि सेक्टर ६ मधल्या क्वार्टरमध्ये एकटी राहत होते. एका रविवारी सकाळी दारात एक उंच गृहस्थ उभे. एका हातात पांढरी एनॅमलची थाळी, दुसऱ्या हातात चहाची गाळणी. कूलर पाहायचा आहे म्हणाले. मी त्यांना मिस्त्री समजले आणि मागच्या खिडकीशी घेऊन गेले. मोटारीकडे त्यांनी पाहिलेही नाही. टाकीत गाळणी बुडवली, थाळीत उलटी केली आणि थाळी माझ्या नाकाखाली धरली. तिच्यात बारीक किडे वळवळत होते.

“हे कोन आहेत, मॅडम?”

मला माहीत नाही, असे मी सांगितले.

“तुमचे पाहुणे. आठ दिवसांत यायले पंख फुटतात. मंग रात्री जेवाले तुमच्याकडंच येतात.”

तुम्हाला कोणी पाठवले, असे मी विचारले. कोणी नाही, मीच आलो, म्हणाले. कोणत्या खात्याचे? तर कारखान्यात रोलिंग मिलला आहे, आज दुसरी पाळी आहे, सकाळ मोकळीच होती. एका परक्या माणसाने माझ्या कूलरची झडती घ्यावी, याचा मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच मी टाउनशिपच्या कार्यालयात तक्रार द्यायला गेले. तिथल्या बाबूने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मैडम, वो हमारे आदमी नहीं हैं. मेरे घर भी आए थे. आप पानी खाली कर दीजिए, नहीं तो अगले इतवार फिर आएँगे.”

पुढच्या रविवारी ते आलेच. माझी टाकी कोरडी ठणठणीत होती. मला वाटले, आता तरी दोन शब्द कौतुकाचे बोलतील. त्यांनी कुंड्यांखालच्या बशा उचलून पाहिल्या.

रामटेकेसाहेबांच्या कार्याविषयी या ग्रंथात इतर मान्यवर विस्ताराने लिहितीलच. ‘आरोग्यजागृती’, ‘लोकसहभाग’ असे शब्दही येतील. मी तेवीस वर्षे जवळून पाहिले, त्यावरून सांगते. त्यांची पद्धत एकच, पिच्छा. भाषण ते वाईट करतात. पण माणूस ऐकेपर्यंत पुन्हा पुन्हा येतात, दर वेळी तितकेच हसतमुख, आणि शेवटी माणूस कंटाळून निरोगी होतो.

पहाटे फिरायला चला म्हणून ते क्वार्टरांखाली सायकलची घंटा वाजवत. रात्रपाळी करून नुकतेच आडवे झालेले लोक खिडकीतून त्यांना काय काय म्हणत, ते माझ्या शिक्षणात बसत नाही. त्यातलेच काही पुढे त्यांच्या फिरणाऱ्या मंडळात दाखल झाले, कारण झोप गेलीच होती. मार्केटमधल्या तर्री-पोहेवाल्याच्याही ते असेच मागे लागले. तर्रीवरचा तेलाचा तवंग काढून टाकत जा, लोकांचे हृदय सांभाळ, असे महिनाभर रोज सांगितले. शेवटी त्याने ऐकले. तवंग काढून वेगळ्या भांड्यात ठेवू लागला आणि जास्तीचे पैसे घेऊन ‘स्पेशल’ म्हणून विकू लागला. साहेबांनी हार मानली नाही. ते त्या भांड्याशेजारी स्टूल टाकून बसत आणि ‘स्पेशल’ मागणाऱ्याला प्रेमाने विचारत, “वडिलांले काय झालं होतं?” आठवड्याभरात ‘स्पेशल’ बंद पडले.

माझ्यावरही एकदा प्रयोग झाला. खुर्सीपारला चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मुलांना बक्षिसे द्यायला मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावले होते. मंचाच्या पायरीशी किराणा दुकानातला धान्याचा मोठा काटा मांडलेला. पाहुण्यांनी आधी त्यावर पाय ठेवावा, अशी विनंती झाली. मला वाटले, काही नवी प्रथा असेल. मी उभी राहिले आणि पुढच्या क्षणी माझे वजन लाउडस्पीकरवरून वस्तीभर गेले. आकडा मी इथे छापणार नाही. ज्यांनी ऐकला आहे त्यांनी तो वर जाताना सोबत न्यावा. त्यानंतर साहेब माईकवर म्हणाले, “मॅडम लाजल्या नाईत, आता कोनी लाजाचं नाई,” आणि पदर सावरत बायकांची रांग लागली. त्या संध्याकाळी कितीतरी बायकांचे वजन आणि रक्तदाब पहिल्यांदाच तपासला गेला. मी लाजले नव्हते हे खरे. मी भडकले होते. पण माईक त्यांच्या हातात होता.

त्यांच्या मूल्यांविषयी एक प्रसंग सांगते. आमच्या महिला क्लबने एकदा खुर्सीपारला साबण वाटायचे ठरवले. साहेबांना वाटाड्या म्हणून घेतले. अध्यक्षीणबाईंनी स्वच्छतेचे महत्त्व सांगितले. साबण हातात घेऊन एक म्हातारी छत्तीसगढी बाई म्हणाली, “साबुन ल तो रख लेबो बाई, फेर पानी घलो लाने हव का?” साबण ठेवून घेऊ, पण पाणीही आणलेत का, असे ती विचारत होती; त्या गल्लीतल्या एकुलत्या नळाला कित्येक दिवस पाणी नव्हते. आमच्यापैकी दोघींना राग आला. साहेब मात्र पोटभर हसले, आणि आम्हा सगळ्यांना तिथून थेट पाण्याच्या कार्यालयात घेऊन गेले. आता इथेच बसा, म्हणाले. मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या बायका बाकांवर ओळीने बसलेल्या पाहून तिथल्या लोकांची जी धांदल उडाली, तिला तोड नाही. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आले. वस्तीतल्या लोकांना ‘तुम्ही घाणेरडे आहात’ असे साहेब कधी म्हणाले नाहीत, कोणाला म्हणूही दिले नाही. आधी पाणी, मग साबण, मग उपदेश, हा त्यांचा क्रम होता. उपदेश कधी चुकला नाही, हेही नमूद करते.

मला कावीळ झाली तेव्हा नातेवाईक नागपूरला आणि मी इथे एकटी. रोज पाळीवर जाताना साहेब उकळून गार केलेले पाणी आणि डबा माझ्या दारात ठेवत. डब्यात मऊ भात आणि तेलाचा थेंबही नसलेले वरण. आत काय घालायचे नाही, यावर त्यांचा कडक पहारा होता. बरी होऊ लागले तशी एक दिवस डबा घेऊन कुसुमताई स्वतः आल्या आणि कुजबुजल्या, “मॅडम, आज थोडी जिऱ्याची फोडणी देली आहे. त्यायले सांगू नका.” ते वरण मी रडत रडत खाल्ले. चवीमुळेच.

आता सोमवारची संध्याकाळ. इस्पितळातून पळालेल्या माणसाची पिशवी परत करायला मी दुर्गला, पद्मनाभपूरला गेले. निवृत्त झाल्यावर साहेबांनी तिथे घर बांधले आहे. ते ओसरीत बसले होते, पाय स्टुलावर. कुसुमताईंनी मला पाणी दिले आणि त्या उंबऱ्यावर बसल्या, म्हणजे आता ते आत जाऊ शकणार नव्हते.

का उठलात, असे मी विचारले. आधी म्हणाले, मागच्या माणसाला घाई होती. मग म्हणाले, खुर्सीपारला लसीकरणाचे काम होते. वीसेक वर्षे मी मुलांकडून गृहपाठ न करण्याची कारणे ऐकली आहेत आणि ती याहून बरी असत, हे मी त्यांना सांगितले. मग जे बोलले त्यावरून कळले, की त्या वेळी व्हरांड्यातून त्यांच्या फिरणाऱ्या मंडळातले दोघे जण येताना त्यांना दिसले होते.

“मॅडम, वीस वर्षं लोकायले सांगतलं, चाला, कमी खा, तुमाले काई होत नाई. आता मीच साखरेच्या रांगेत बसलेला दिसलो, तं लोक काय म्हनतील? रामटेकेले झाली, मंग आपन कावून चालाचं? सारं केलेलं बुडते, मॅडम.”

माझ्याकडे पाहूनच कुसुमताई म्हणाल्या, “अन् पाय गेल्यावर लोक काय म्हनतील, तेबी इचारा त्यायले.”

नंतर मी त्यांना जे सांगितले ते इथे सर्वांसमोर पुन्हा लिहिते. रामटेकेसाहेब, तुम्ही धडधाकट दिसता म्हणून आम्ही तुमचे ऐकले नाही. तुम्ही दारातून हलत नव्हता म्हणून ऐकले. चालणाऱ्याला काहीच होत नाही, हे तुम्ही सांगितलेत ते चुकीचे होते, आणि ते दुरुस्त करणे तुमच्याच हातात आहे. चालणाऱ्यालाही आजार होतो, झाला तर लपवू नये, हे या वस्तीला तुमच्याइतके पटवून कोण सांगणार? आजार लपवून घरी बसणारी माणसे तुम्ही आयुष्यभर दारातून बाहेर ओढलीत. आता दाराआड बसायची सवलत फक्त तुम्हाला कोणत्या नियमाने?

यावर साहेब म्हणाले, पाहू, सत्कार होऊन जाऊ द्या. सत्कार चौदा डिसेंबरला आहे. जखमेला आमंत्रणपत्रिका वाचता येत नाही. आणि सत्कार समितीने चौकापासून सभागृहापर्यंत लेझीमसह मिरवणूक ठरवली आहे, जिच्यात सत्कारमूर्ती त्या पायाने पुढे चालणार आहेत. समितीने ही मिरवणूक आजच रद्द करावी. फिरणाऱ्या मंडळाच्या सदस्यांना विनंती, की साहेब रांगेत दिसले तर नवल करू नये. शेजारी जागा असेल तर बसावे आणि आपलीही साखर तपासून घ्यावी.

दीर्घायुष्य चिंतायचे राहिले. मी साहेबांहून दोन वर्षांनी मोठी आहे, तेव्हा मला अधिकार आहे. त्यांनी खूप जगावे, दोन्ही पायांवर जगावे आणि आम्हाला आणखी पुष्कळ वर्षे त्रास द्यावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. परंतु नुसत्या इच्छेने कूलरमधला एक किडाही मरत नाही, हे त्यांनीच शिकवले आहे.

सबब, या लेखाची एक प्रत छापखान्याआधी पद्मनाभपूरला आणि एक सत्कार समितीला पाठवीत आहे. श्री. मनोहरराव रामटेके यांनी पाय आणि रक्त दोन्ही तपासून घ्यावे आणि तसे डॉक्टरांच्या हस्ताक्षरातले लेखी उत्तर शनिवार, दिनांक २२ नोव्हेंबर, सायंकाळी पाचच्या आत माझ्याकडे पोचवावे. तोंडी आश्वासन चालणार नाही. पोस्टात टाकू नये, उशीर होतो. आणि उत्तर द्यायला स्वतः चालत येऊ नये.

— प्रमिला दाणी, सेक्टर ६, भिलाई