मीठ म्हणून सही केलेली ठिणगी

बसऱ्यात विजेच्या तारांवर काही तडतडलं की सगळे म्हणतात, मीठ आहे. खाडीकडची खारट धूळ तारा पेलणाऱ्या चिनीमातीच्या खांबांवर बसते आणि हवा दमट झाली की चरचरते. पाण्यानं धुतली की आवाज जातो.

माझा नवरा दाखिल अठ्ठावीस वर्षं उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मर तपासतो. स्वभावानं भित्रा. शिडी उतरताना कुणाचा तरी खांदा धरतो, ओल्या हातानं घरातलं बटणही दाबत नाही. पण ट्रान्सफॉर्मरच्या तेलाच्या टाकीत काय बिघडलंय हे त्याला तिच्या पोटातला आवाज ऐकून कळतं. मुली त्याला चिडवायच्या, "बाबा, आईच्या मनात काय गुरगुरतंय तेही सांगा." त्यावर तो लाजून चहात वाळलेलं लिंबू ढवळत बसायचा.

जुलैत एका टाकीतल्या तेलाच्या तपासणीचा कागद आला. तो त्यानं जेवताना वाचला. भेंडीच्या रश्शातला घास तसाच हातात राहिला.

"असिटिलीन आहे," तो म्हणाला. आत ठिणगी पडत असेल तरच हा वायू तेलात उतरतो. अजून आरपार न गेलेली, आतल्या तारांभोवती गुंडाळलेल्या कागदाच्या थरात रोज थोडी थोडी जळत जाणारी ठिणगी. ती आरपार गेली की टाकी फुटते आणि ऐंशी हजार लिटर तेल पेट घेतं. आमचं क्वार्टर कुंपणाला लागून आहे.

तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच त्या टाकीची तडतड ऐकली होती. चिनीमाती धुतली, आवाज कमी झाला, आणि त्यानं 'मीठ' लिहून सही केली. मीठ होतंच. त्याच्या आड हेही होतं.

"मग बंद करायला सांगा ना, अबू हिबा." आमच्या मुलीच्या, हिबाच्या नावावरून मी त्याला अबू हिबा म्हणते आणि तो मला उम्म हिबा.

"बंद केलं की ती ठिणगी पडतच नाही. चालू असतानाच शोधावी लागते."

वरच्या कार्यालयाचं म्हणणं होतं, बंद करायचं तर आधी ठिणगीची जागा दाखवा. गेल्या वर्षी पन्नास अंशांच्या उन्हात वीज गेली, तेव्हा लोकांनी उपकेंद्राचं फाटक मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर गेले. तिथून तो दिसत होता. टाकीला ग्रीस फासून त्यानं आवाज टिपणारे लोहचुंबकाचे तीन सेन्सर चिकटवले. ठिणगीचा आवाज ज्याला आधी पोचतो, ठिणगी त्याच्या जवळ. मग एक काढायचा, वीतभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. दरवेळी त्याचं तोंड टाकीपासून हातभर अंतरावर. मी एकच चादर चार वेळा झटकली. तो टाकीच्या आमच्या घराकडच्या बाजूला आला, छातीच्या उंचीवर खडूनं फुली मारली आणि तिथंच उभा राहिला.

पुढचं इंजिनिअर मुहन्नदनं मला नंतर सांगितलं. जागा सापडल्याचं कळवायला मुहन्नदनं फोन केला, तर वरून उत्तर आलं की संध्याकाळचा भार उतरू द्या, मग बघू. दाखिल जागचा हलला नाही.

"हज्जी, मागे या. वेड लागलंय का तुम्हाला?" मुहन्नद ओरडला.

"उस्ताद, माणूस टाकीपाशी अडकला असेल तर तुम्हाला हुकमाशिवाय बंद करता येतं. नियम आहे."

"कुठं अडकलात? चालत या की."

"पाय उचलत नाहीत," दाखिल म्हणाला.

मुहन्नद म्हणाला, ती बतावणी नव्हती. त्याचे गुडघे खरंच लटपटत होते.

मला गच्चीवर एवढंच कळलं की खालचा पंखा थांबला. मग शेजारचा, मग सगळ्या वस्तीतला घरघराट एकदम बसला. मी चादर तशीच टाकून जिन्यात येऊन बसले. शेजारीण उम्म जलाल ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बाहेर आली, आणि वीज बंद करणाऱ्याच्या आईबापांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करू लागली.

"कुणी बंद केली, कळलं का गं?"

"आमच्या यांनी," मी म्हणाले. त्यानंतर दहा दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं.

अकराव्या दिवशी टाकी उघडली. फुलीच्या दोन बोटं खाली, जाड कागदावर काळी रेघ फांद्यांसारखी पसरली होती. शेवटची फांदी पलीकडच्या कडेपासून नखभर दूर होती. मुहन्नदनं सगळ्यांसाठी भाजलेला मासा मागवला. दाखिल न जेवता घरी आला.

मी म्हटलं, "सापडली ना? मग आता तरी खा."

तो बराच वेळ हात धूत राहिला.

"उम्म हिबा, सही केली त्या दिवशी मी तीन टाक्यांवर मीठ लिहिलं होतं."

बाकीच्या दोन चालू होत्या, बंद केलेल्या टाकीचा भारही त्यांच्यावरच टाकला होता. त्यांच्याच विजेवर आमचा पंखा फिरत होता.