इरम्माचा बाजार

इरम्मा उद्या बालवाडीत येणार नाही, ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही. संध्याकाळी वेशीपाशी ती दिसली, डोक्यावर टोपली. टोपलीत काय आहे हे मला बघावं लागलं नाही. करवंट्या एकमेकींवर आपटत होत्या. तिचा बाजार घेऊन ती घरी चालली होती.

इरम्मा आमच्या उमरग्याच्या बालवाडीत झाडलोट करायची, मुलांना पाणी द्यायची. त्याआधी पंधरा वर्षं ती चन्नबसप्पांच्या अडतीत धान्य चाळत होती. पंचेचाळिशीची असेल, मागंपुढं कुणी नाही. बालवाडी महिला मंडळाची, आणि मंडळाची चिटणीस मी. डॉक्टरांची बायको, हैदराबादेला बी. ए. झालेली, म्हणून हे पद माझ्याकडे आलं.

सरकारकडून रंगीत ठोकळ्यांची पेटी आली होती. ती आमच्या शिक्षिका उमाबाईंनी कुलपात ठेवली. एखादा ठोकळा हरवला तर जबाब कोण देणार? मुलं मांडीवर हात ठेवून ओळीनं बसायची. इरम्माला ते बघवेना.

"पोरं हायत का देवळातल्या मूर्ती?" असं म्हणून तिनं एक दिवस कोपऱ्यात पोतं अंथरलं. काठीला सुतळीनं दोन करवंट्या बांधल्या, तराजू झाला. तिसरी करवंटी माप. चिंचोके म्हणजे तूर, वाळू म्हणजे ज्वारी, कौलांचे तुकडे म्हणजे गूळ. दुसऱ्या कोपऱ्यात मोडकी बाज उलटी टाकली, तिची मोटार झाली. पत्र्याचं झाकण हातात धरून एकेक जण ती सोलापूरला नेऊ लागला.

माझी माला साडेचार वर्षांची. घरात बोलायची, बाहेर एक शब्द नाही. हे म्हणायचे, "बोलेल गं." मला रात्र रात्र झोप यायची नाही. बालवाडीत महिनाभर ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग एकदा इरम्मानं तिच्याकडं न बघताच माप पुढं केलं. "मालक जेवाया गेलेत. जरा दुकान बघता का, सावकारीणबाई?" माला पोत्यावर बसली. करवंटी चिंचोक्यांनी भरली, गिऱ्हाईक झालेल्या नागप्पाच्या मुलीच्या ओच्यात ओतली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ!"

मी दारात उभी होते. मला रडू आलं.

आमच्याकडं धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. शेर-पायली गेली, किलो आले, तरी अडतीत पहिलं वजन लाभच. इरम्मानं मुलांना तेच शिकवलं, कारण दुकान तसंच चालतं.

हे सगळं कुणीतरी बघावं म्हणून मीच उस्मानाबादला जिल्हा कचेरीत तीन पत्रं पाठवली. मीच. परवा तपासणीसबाई आल्या. त्यांनी नेमकं मालाला विचारलं, "बाळ, मोजून दाखव बरं."

मालानं माप भरलं. "लाभ, दोन, तीन, चार..."

"एक कुठं गेला?"

माला गोंधळली. पुन्हा सुरुवात केली, आणखी मोठ्यानं. "लाभ, दोन..."

"अहो, मुलांना एकसुद्धा येत नाही! आणि हे लाभ-बिभ काय? सरकारी अनुदानावर अंधश्रद्धा शिकवता?"

इरम्मा पुढं आली. "बाई, मापताना पयल्याला..."

आणि मी म्हणाले, "इरम्मा, तुम्ही गप्प बसा. मुलांना नीट एकापासून शिकवत जा."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. माझं माहेर सोनारी गावातलं. खळ्यावर वडील मापायला बसले की पहिल्या मापाला 'लाभ' म्हणून ओरडायचा मान माझा असायचा, त्यासाठी मी भावाशी भांडायची. तरी त्या शहरातल्या बाईंपुढं आपण अडाणी दिसू नये म्हणून मी मान डोलावत उभी राहिले. बाईंनी शेरा लिहिला: कोपऱ्यातला कचरा काढावा, मदतनीस अप्रशिक्षित, एक तारखेपासून दुसरी नेमावी.

त्या दिवसापासून माला पुन्हा चौकट धरून उभी राहते. आज दुपारी मी घरातच बाजार मांडला. पितळी वाट्या, तांदूळ, सगळं. "मोज ना गं." तिनं वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तूच म्हण. एक." आणि उठून गेली. वाट्या भिंतीवर फेकाव्या असं वाटलं. बी. ए.चं मानसशास्त्र वाचून मला जे जमलं नाही ते त्या बाईनं एका करवंटीत केलं, आणि मी ते एका वाक्यात घालवलं.

संध्याकाळी वेशीपाशी तिला थांबवलं. "इरम्मा, टोपली कुठं नेता?"

"घरला. कचरा हाय न्हवं, सरकारी जागंत कशाला?"

"उद्या याल ना?"

"आन् येऊन काय करू? तुमी शिकलेली मान्सं एकापासून मोजनार. मी लाभवाली."

"तुम्ही तेव्हाच मोठ्यानं सांगायचं होतं बाईंना!"

"सांगत हुते की. तुमीच गप बस म्हनलासा."

मला राग आला, तिचा नाही, माझाच. ती दोन पावलं गेली आणि वळली. "माला बोलली का?"

मी मान हलवली. नाही. तिनं टोपली सारखी केली आणि गेली.

हे म्हणतात, सविस्तर पत्र लिही. पत्र जाऊन उत्तर यायला आठ दिवस. एक तारीख चार दिवसांवर. तरी रात्रभर पत्रं लिहून फाडत बसले आहे. प्रत्येकात मी 'गैरसमज झाला' असं लिहिते. गैरसमज कसला? मला माहीत होतं आणि मी गप्प बसवलं.

फोन चन्नबसप्पांच्या अडतीत आहे. तिथून करायचा म्हणजे हमाल, गिऱ्हाईक, सगळे ऐकणार. त्यांच्या पोती मापण्याच्या गोंगाटात मला ओरडून बोलावं लागणार. दोन दिवस मी याच लाजेनं टाळलं. ऐकू दे. त्या दिवशीही सगळ्यांसमोरच बोलले होते.

सात वाजता दुकान उघडतं. उस्मानाबादचा ट्रंक कॉल लावायला सांगणार आहे. बाईंना म्हणणार, माझी मुलगी बरोबर मोजत होती, चूक मी बोलले, आणि इरम्माला काढायचं तर आधी चिटणीस बदला.