आधी पाय, मग गाव

विचुंब्याच्या शशिकला सिस्टर पनवेलच्या एका प्रसूतिगृहात तेवीस वर्षं नोकरी करतात. तपासणीच्या दिवशी बाकावरच्या बायकांपैकी कुणाला आधी आत सोडायचं, हे त्याच ठरवतात.

"आमच्या आगरी बायका दणकट," हे त्यांचं आवडतं वाक्य. "माझी आजी सकाळी लावणी करून दुपारी बाळंत झाली." हे त्या इतक्या मायेनं सांगत, की ऐकणारीला कौतुकच वाटे. या कौतुकापायी गावाकडच्या बायकांचा नंबर कायम शेवटी लागतो, हे मात्र त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. नवीन पनवेलची एखादी 'गरगरतंय' म्हणाली की तिला लगेच खुर्ची. गावची म्हणाली तर, "अगं, तुला काय धाड भरलीय?"

कोन या आगरी गावातल्या रंजिताला नववा नुकताच लागला होता. केसपेपरवरचं गाव वाचूनच सिस्टर खुलल्या. "कोनची? मग काय काळजी! बस जरा, या मॅडमना सोडते."

"डोकं दुखतंय, सिस्टर."

"उन्हातून आलीस ना. पाणी पी."

रंजिता पाणी प्यायली. तिची सासू गंगाबाई मात्र टेबलापाशी आली. "बाय, नाव वाचलंस, गाव वाचलंस. पाय कवा बघशील?"

सिस्टर हसत वाकल्या आणि हसू तिथंच विरलं. रंजिताच्या पायांत नवऱ्याच्या चपला होत्या. तिच्या स्वतःच्या चढतच नव्हत्या. पाय बोटानं दाबला, तिथं खळगा पडला, तो भरेचना. बीपी एकशेसत्तर.

मग मात्र सिस्टर धावल्या. डॉक्टरांना बोलावलं, इंजेक्शन स्वतः भरलं. "अजून तासभर बसून राहिली असती तर झटके आले असते," डॉक्टर म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

"तुजी आजी दनकट होती, ते खरा," गंगाबाई पेढा देत म्हणाली. "पन दुखतंय का, असं तिला कुनी इचारलं होतं काय?"

सिस्टरांनी घरी जाऊन आईला विचारलं. आजीची सात बाळंतपणं झाली होती. जगली तिघं. लावणीची गोष्ट आजीनं स्वतः कधीच सांगितली नव्हती. सांगत होते ते बाकीचे.

आता त्यांच्या टेबलावर केसपेपर पालथे असतात. आधी पाय, मग बीपी, मग सगळ्यांना तेच चार प्रश्न, आणि नाव-गाव शेवटी.

"सिस्टर, तुम्ही चपलांच्या दुकानात शोभाल," नवी नर्स वल्लरी हसते.

"शोभू दे. तू वाक."

परवा गंगाबाई नातीला लशीसाठी घेऊन आली. "बघ, कशी दनकट हाय!"

"ते काटा सांगेल," म्हणत सिस्टरांनी बाळ वजनाला ठेवलं.

"काटा काय तुज्या विचुंब्याचा हाय?"

"नाही ना. म्हणून तर त्याचं ऐकायचं."