गलबताची उघडी बाजू

आमच्या नाटक मंडळीत नेपथ्य उभारायला मिस्त्री होते तोवर मला रंगमंचावर कधी ठेच लागली नाही. मी राजा झालो, सेनापती झालो, एकदा आंधळा भिकारी झालो आणि डोळे खरोखरच मिटून अकरा पायऱ्या उतरलो. त्या पायऱ्या मिस्त्रींच्या हातच्या होत्या, म्हणून उतरलो.

एका नाटकाच्या तिसऱ्या अंकात धुक्यातून एक लढाऊ गलबत पुढे यायचं. नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावर, मी उभा, हातात उपसलेली तलवार. टाळ्यांचा कडकडाट व्हायचा, आणि वीस वर्षं मी त्या टाळ्या माझ्याच समजून मान झुकवत आलो. मिस्त्रींनी केलेल्या त्या गलबताला फक्त पुढचा भाग होता. मागे चार चाकं, दोन बांबू आणि ढकलणारी दोन माणसं. मंडळी बंद पडली तेव्हा मिस्त्रींनी मनाशी ठरवलं, की आता एक गलबत पुरं करायचं. लहान का असेना, पण चहूबाजूंनी खरं आणि आतूनही खरं.

वाचनालयात एका जाडजूड पुस्तकात अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका गलबताचे नकाशे होते. तीन डोलकाठ्या, चौऱ्याहत्तर तोफा. ते त्यांनी पातळ कागदावर गिरवून आणले आणि घराच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर काम मांडलं. आधी कणा. त्यावर माशाला असतात तशा बरगड्या, एकेक बरगडी तीन तुकडे सांधून केलेली. मग चहाच्या किटलीच्या वाफेवर वाकवलेल्या बोटभर रुंदीच्या फळ्या. हे सगळं करायला चार वर्षं गेली. खालच्या मजल्यावरच्या प्रत्येक तोफेच्या गाड्याला चार चाकं होती. कप्तानाच्या खोलीत टेबल होतं आणि त्याचा खण नखाच्या टोकाने उघडत होता. इतकं करून त्यांनी ते वर फळ्या सरसाने बसवून बंद करून टाकलं, कारण नकाशातलं गलबत बंद होतं. मी म्हटलं, मिस्त्री, जो खण कोणी बघणार नाही तो उघडायला कशाला हवा? ते म्हणाले, "कोणी बघणार नाही म्हणून चिकटवून टाकायचा का, राजे?" मला ते राजे म्हणतात. आता फक्त तेच म्हणतात.

अडचण आली ती दोऱ्यांपाशी. अशा गलबताच्या डोलकाठ्यांना शेकडो दोऱ्या, आणि दोरीगणिक गाठी. मिस्त्रींची बोटं जाड, त्यातल्या एकाचं पेर करवतीने कधीच खाल्लेलं. शिवणाच्या दोऱ्याची गाठ मारायला गेले की गाठ नाहीशी व्हायची आणि तोंडातून शिवी निघायची. शेवटी त्यांच्या बायकोने ते वाक्य उच्चारलं. "धाकटीच्या ह्यांना विचारा ना."

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण, आणि धाकटीचे हे म्हणजे मिस्त्रींचे साडू. घड्याळजी. चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान नुकतंच भाच्याकडे सोपवून घरी बसलेले. चाळीस वर्षं मिस्त्रींनी या माणसाची कीर्ती ऐकली होती. धाकटीचे हे रोज दाढी करतात. धाकटीच्या ह्यांच्या शर्टाला भुसा नसतो. धाकटीचे हे बोलले की ऐकत राहावंसं वाटतं. मिस्त्री पेन्सिल दातात धरून ऐकून घ्यायचे. त्यांच्या पेन्सिलींची टोकं कुरतडलेली का असतात, ते मंडळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

घड्याळजी आले. एका डोळ्याला भिंग, हातात दोन चिमटे, दोरा मेणावरून ओढून घ्यायची सवय. चौदा महिने ते दुपारी तीनला यायचे आणि पाचला उठायचे. गलबताला जाळं चढत गेलं. इतकं नाजूक, की खिडकीतून झुळूक आली तरी थरथरायचं. मी तोंड भरून कौतुक केलं. मिस्त्री तेव्हा कानस साफ करत होते, आणि ती कानस त्यांनी बराच वेळ साफ केली.

मग बघे यायला लागले. पोस्टमन, शेजारच्या डॉक्टरीणबाई, मंडळीतली जुनी नटी. प्रत्येकजण दारातून आत यायचा, डोळे वर जायचे आणि वरच राहायचे. कुणी कोळ्याचं जाळं म्हणायचं, कुणी विचारायचं एवढ्या गाठी मारायला धीर कुठून आणला. आणि बोलता बोलता हात टेकवायचे कुठे, तर गलबताच्या काठावर, टेबलावर टेकवावा तसा. डॉक्टरीणबाईंनी तर तिथे आपला चष्मा ठेवला. मिस्त्रींनी तो उचलून त्यांच्या हातात दिला. तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. नाटकात मी खलनायकाचं काम बरंच केलं आहे, पण इतका निखळ मत्सर मला चेहऱ्यावर कधी आणता आला नाही.

कहर केला तो वाचनालयाच्या बाईंनी. पुस्तक ज्यांचं, त्यांनाच गलबत बघायला बोलावलं होतं. त्या खूश झाल्या. वाचनालयाच्या मोठ्या दालनात काचेची पेटी रिकामी आहे, तुमची तयारी झाली की ते तिथे ठेवू म्हणाल्या. जाताना दारात चप्पल घालता घालता सहज विचारून गेल्या, "मग पाटीवर काय लिहू? घड्याळजींचं गलबत?"

मिस्त्रींच्या बायकोने हसून मान डोलावली. मिस्त्रींनी पेन्सिल दातात धरली.

पुढच्या आठवड्यात घड्याळजी आणि धाकटी मुलीकडे आठ दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी मला निरोप धाडला. मी गेलो तर खोलीत स्पिरिटचा वास. टेबलावर बारीक ब्रश, पातळ पातं, आणि गलबत कुशीवर कलतं करून उशीला टेकवलेलं. मला म्हणाले, बसा, आणि मध्ये बोलू नका.

फळ्यांच्या सांध्यात ते ब्रशने स्पिरिट सोडत होते. सरस मऊ झाला की पातं सरकवायचं आणि फळी उचलायची. एक, दोन, तीन. मला आधी वाटलं काही दुरुस्ती आहे. चौथी फळी निघाली आणि आतल्या बरगड्या उघड्या पडल्या, एकीमागून एक. त्यांच्या मागे तोफांची रांग. पाचवी, सहावी. कप्तानाची खोली दिसली. मला बसा म्हटलं होतं, तरी मी उठून उभा राहिलो.

"आता बघू दे," ते म्हणाले. "आता बघू दे वर कोण बघतंय ते."

दहावी फळी निघाली तेव्हा कुठेतरी टिक् झालं. इतकी वर्षं ताणून धरलेल्या बरगड्या त्या बाजूला केसभर सैलावल्या, आणि तिथल्या वरच्या दोऱ्या सगळ्याच्या सगळ्या ढिल्या पडल्या. ओल्या कपड्यांच्या वजनाने वाळणाची दोरी लोंबते तशा. चौदा महिन्यांचं काम. मिस्त्रींनी वर पाहिलं. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना आनंद झाला. मी तो पाहिला आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. मग ते स्टुलावर बसले आणि हातातलं पातं कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

घड्याळजी परत आले त्या दिवशी मी मुद्दाम तिथे होतो. माझ्या मनात भांडण सोडवायचं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. घड्याळजींनी भिंग चढवलं, एक ढिली दोरी चिमट्याने उचलली, सोडली, दुसरी उचलली. मग विचारलं, फळ्या का काढल्या. मिस्त्री म्हणाले लाकडाला हवा लागावी म्हणून. घड्याळजींनी आयुष्यभर गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं की घड्याळ आपोआप बंद पडलं, हात कुणी लावला नाही. त्यांनी मिस्त्रींकडे त्याच नजरेने पाहिलं आणि थांबले.

त्या थांबण्याने मिस्त्रींचा बांध फुटला. "चार वर्षं मी आत होतो, साडूभाऊ. तुम्ही चौदा महिने बाहेर होता. आणि गलबत तुमचं झालं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या बायकोच्या तोंडी."

घड्याळजी खाली वाकले. जे त्यांच्या हाती आलं होतं ते बंद गलबत होतं, आत काय आहे ते त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. भिंग लावून ते बरगड्यांच्या फटीतून पाहत राहिले. तोफांची चाकं पाहिली. खण दिसला तेव्हा चिमटा आत घालून तो हलकेच ओढला आणि पुन्हा लावला. मी मनात म्हटलं, आता मिठी मारणार. नाटकात हेच व्हायचं. घड्याळजी उठले, भिंग डबीत ठेवलं, डबी खिशात घातली.

"मी परत बांधणार नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "हे एवढं दिसल्यावर माझ्या दोऱ्यांकडे कोण कुत्रं बघणार आहे?"

आणि गेले. मिस्त्री दाराकडे बघत उभे राहिले. मला म्हणाले, "जळले." मी म्हटलं, हो. "माझ्यावर जळले," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी मला त्या दिवशी दोनदा चहा पाजला.

चार दिवस दोन्ही घरांत अबोला. दोघी बहिणींचं फोनवर भांडण झालं, ते आपापल्या नवऱ्यांच्या बाजूने, आणि मिस्त्रींनी दाराआडून ऐकलं की बायको ठणकावून सांगतेय, आमच्या ह्यांनी टेबलाचा खणसुद्धा उघडता केलाय, तुझ्या ह्यांनी नुसते दोरे गुंडाळलेत. हे त्यांनी मला तीन वेळा, दर वेळी आवाज काढून ऐकवलं.

पाचव्या दिवशी तीन वाजता घड्याळजी हजर. हातात नव्या दोऱ्याचं रीळ, दोरा आधीच्यापेक्षा निम्म्या जाडीचा. त्या बाजूच्या सगळ्या दोऱ्या त्यांनी कापून टाकल्या आणि नव्याने बांधायला घेतल्या. गाठी आधीपेक्षा बारीक, ताण आधीपेक्षा नेमका. ते बघून मिस्त्री फळ्या परत न बसवता उघड्या बरगड्यांना पॉलिश करायला बसले, आणि कप्तानाच्या खोलीत एक मेणबत्तीदाणीही करून ठेवली. सहा महिने दोघे टेबलाच्या दोन बाजूंना, एकमेकांच्या हातांवर डोळा ठेवून. पैज लावल्यासारखं काम चाललं होतं, आणि इतकं सुंदर काम मी दोघांचंही पाहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी घड्याळजींनी खिशातून तांदळाच्या दाण्याएवढा दिवा काढला. तो वरच्या तुळईखाली चिकटवला, त्याची तार आणि घड्याळातला सेल गलबताखालच्या लाकडी बैठकीत लपवला. म्हणाले, आत अंधार आहे, एवढं केलंय ते दिसू तरी दे लोकांना.  मिस्त्रींनी मान खाली घालून बैठकीवरचा नसलेला भुसा झटकला.

वाचनालयातल्या पाटीवर दोघांचा उल्लेख आला. मिस्त्री आणि घड्याळजी, वयाच्या क्रमाने. पेटी भिंतीलगत होती, म्हणून उघडी बाजू दालनाकडे केली. पहिल्या रविवारी चांगली गर्दी जमली. मी आणि मिस्त्री पुस्तकांच्या कपाटापाशी उभे. लोक यायचे, वाकायचे, आत पाहायचे.  आणि पहिली बाई सरळ होत मैत्रिणीला म्हणाली, दिवा कसला गोड आहे ना. दुसऱ्या गृहस्थांनी विचारलं एवढासा दिवा मिळतो कुठे. तिसऱ्याने दिव्याचा फोटो काढला.

"बघितलंत?" मिस्त्री मला म्हणाले. त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं होतं.

मी काही म्हणायच्या आत ते कपाट सोडून गर्दीत घुसले आणि पेटीपाशी उभे राहिले. लोकांकडे पाठ, आवाज छातीतल्या छातीत. त्या गृहस्थांना म्हणाले, दिवा घड्याळजींचा आहे. आता दिवा सोडा आणि त्याचा उजेड कशावर पडलाय ते बघा. ही बरगडी तीन तुकड्यांची आहे, सांधा दाखवा कुठे आहे तो. गृहस्थ शोधू लागले. त्यांना सापडेना. मागची माणसं पुढे सरकली. मिस्त्री खालच्या मजल्यावर गेले, तोफांपाशी आले, खणापाशी आले, आणि गर्दीतला एकही माणूस हलला नाही.

घड्याळजी इतका वेळ दाराशी धाकटीजवळ उभे होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. वाट काढत आले आणि साडूच्या खांद्यामागून हळूच म्हणाले, "दोऱ्यांचंही सांगा की जरा."

"त्या दिसतायत ना लोकांना," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा खणाकडे वळले.